परीची उंची मोजताना

परीला भिंतीला टेकवून सरळ उभं करायला तिघी लागल्या. मदतनीस मावशींनी टाचा धरल्या, माझ्या मावसबहिणीने, म्हणजे ताईने, हनुवटी, आणि परीच्या बारा वर्षांच्या बहिणीने समोर बसून मोबाइलवर गाणं लावलं, पोरीने समोर बघावं म्हणून. टाचा, ढुंगण, खांदे, डोक्याची मागची बाजू, सगळं भिंतीला लागल्याशिवाय माप धरायचं नाही असा नियम. वरची पट्टी डोक्यावर टेकली. ८६.१ सेंटिमीटर. ताईने आकडा दोनदा वाचला, सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये भरला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पाह्य, खुजी दाखवून राहिलं."

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत, पत्र्याच्या छपराखाली, भाड्याच्या खोलीत ही अंगणवाडी चालते. ताई तिथे सतरा वर्षं सेविका आहे. मी धंद्याने हिशेब तपासणारा माणूस. 'लहान मुलांवरचा खर्च ही गुंतवणूक आहे' हे वाक्य आजकाल भाषणांत, पोस्टरवर, कंपन्यांच्या सीएसआर अहवालात कुठेही वाचायला मिळतं आणि दर वेळी मला खटकतं. आमच्याकडे गुंतवणूक म्हटलं की तीन गोष्टी विचारतात: पैसा नेमका कशात घातला, परतावा कुठून येणार आणि कधी. तीन वर्षांच्या पोरीला खिचडी दिल्याने पंचवीस वर्षांनी गरिबी कशी काय हटते, यातली मधली साखळी कुणी सांगतच नाही. ती समजून घ्यायला म्हणून त्या सोमवारी मी ताईकडे गेलो होतो.

आधी ते ८६.१ बघू. परी मागच्याच आठवड्यात तीन वर्षांची झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षं पूर्ण केलेल्या मुलीची मधली उंची ९५.१ सेंटिमीटर आहे आणि ८७.४ च्या खाली गेली की 'वाढ खुंटलेली' असा शेरा पडतो. गंमत अशी की परी दिसायला बारीक नाही. दंडाला गुंडाळायची ती रंगीत पट्टी तिच्या दंडावर हिरव्यातच थांबली. लाल रंग ११.५ सेंटिमीटरच्या खाली सुरू होतो, तिथपासून ती बरीच लांब आहे. गाल भरलेले आहेत. "आई तं म्हणते गुटगुटीत आहे," परीची बहीण म्हणाली. आणि गल्लीतल्या बाकीच्या पोरांशेजारी उभी केली तर परी कुठेच उणी वाटत नाही. गोची इथेच आहे. अख्खी गल्लीच चार बोटं बुटकी असेल तर बुटकेपणा कुणाच्या डोळ्यावर येणार?

महाराष्ट्राची गत फार वेगळी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. म्हणजे तिघांत एकाहून जास्त.

"आमची हाडंच बारीक, माझा बापही असाच होता," हे उत्तर ताईला रोज ऐकायला मिळतं. मलाही ते पटण्यासारखं वाटलं होतं. पण २००६ साली हे तक्ते आले ते सहा देशांतल्या मुलांची मापं घेऊन: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांमधली होती. नीट खाणं, आईचं दूध, स्वच्छ पाणी, औषधपाणी हे सगळं मिळालं तर पहिल्या पाच वर्षांत आपली पोरं आणि नॉर्वेची पोरं जवळपास सारखीच वाढतात असं त्यातून दिसलं. आईबापाच्या अंगकाठीचा वाटा असतो, नाही असं नाही, पण तिघांत एक पोर खुरटायला तेवढं कारण पुरत नाही.

माझ्या भाषेत सांगायचं तर उंची हे पासबुक आहे. ठेंगणं असल्याने कुणाचं काही अडत नाही, ठेंगणी माणसं आमच्या धंद्यात ढीगभर आहेत आणि चांगलं कमावतात. पण तीन वर्षांच्या पोरीच्या उंचीत आधीच्या सगळ्या नोंदी जमा झालेल्या असतात. आई गरोदर असताना तिच्या अंगात रक्त किती होतं. बाळ अडीच किलोच्या वर जन्मलं की खाली. पावसाळ्यात किती वेळा हगवण लागली. सहाव्या महिन्यानंतर वाटीत काय पडलं. हाडं थांबली म्हणजे या सगळ्याचं शिल्लक वजा निघालं. आणि त्याच काळात, त्याच रक्तावर आणखी एक अवयव वाढत होता, ज्याची मोजपट्टी ताईकडे नाही.

तो म्हणजे मेंदू. जन्मताना मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पावाहून थोडंसंच जास्त असतं, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत तो पाऊण गाठत आलेला असतो. नुसता आकार नाही, आतली जोडणीही याच काळात होते. सुरुवातीच्या वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या तयार होतात असा अंदाज आहे. वापरात येतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. तान्हं बाळ स्वस्थ पडलेलं असताना त्याचं अंग जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातली निम्म्याहून अधिक एकटा मेंदू खातो. म्हणून गर्भाचे २७० दिवस आणि पुढच्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून जे 'पहिले हजार दिवस' होतात, त्यांच्यावर एवढा भर. त्यानंतर दरवाजा धाडकन बंद होतो असं नाही. पण नंतर तेच काम करायला खर्च वाढतो आणि हाती कमी लागतं. घर बांधताना भिंतीतून वायर टाकून घेणं आणि प्लास्टर झाल्यावर भिंत फोडून टाकणं, यातला जो फरक तोच.

घरी न्यायचा आहार घ्यायला एक बाई आल्या होत्या, कडेवर दहा महिन्यांचा मुलगा. ताईने विचारलं, सकाळी काय दिलं. "चहा-टोस्ट देतो ना जी. चहात भिजवला की बरोब्बर खाते तो." ताई चिडली नाही. तिला सवय आहे. बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो. त्या आईलाच रक्त कमी असेल तर साठाही तोकडा. आईचं दूध उत्तम, पण त्यात लोह थोडं. म्हणून सहाव्या महिन्यापासून वरणाची दाटी, अंडं, पालेभाजी हे वाटीत यायला हवं. चहा उलटं काम करतो, अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. पोट भरतं, बाळ रडायचं थांबतं, आणि मेंदूला हवं ते मिळत नाही. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

मेंदूला दुसरंही एक खाद्य लागतं, ते बाजारात विकत मिळत नाही. बाळ 'अँ' करतं, कुणीतरी 'काय गं, काय पाहिजे?' म्हणतं, बाळ पुन्हा 'अँ' करतं. तोंडावर पदर घेऊन 'कुक्' करणं. भांड्यावर चमचा वाजवू देणं. या देवाणघेवाणीतून भाषा येते, लक्ष एका जागी ठेवायची सवय येते, राग आवरणं येतं. गरिबाघरी माया कमी असते असं मुळीच नाही. वेळ आणि उसंत कमी असते. दिवसभर गिट्टी वाहून आलेली बाई सात वाजता चूल पेटवते, तेव्हा तिच्याकडून 'कुक्'ची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? त्यात घरात रोजची भांडणं, दारू, मारहाण असेल तर बाळाचं शरीर सतत धोक्याच्या तयारीत राहतं आणि ताणाची रसायनं त्याच कोवळ्या जोडण्यांवर परिणाम करतात.

आता साखळीचं पुढचं टोक. असं मूल सहाव्या वर्षी पहिलीत बसतं तेव्हा आधीच मागे असतं. शब्द कमी, लक्ष टिकत नाही, वारंवार आजारी. तिसरीत वाचता येत नाही, आठवी-नववीपर्यंत ढकलत जातं, मग सुटतं. मुलगा सकाळी आठला मजुरांच्या ठिय्यावर जाऊन उभा राहतो, मुलीचं लग्न होतं. अंगात ताकद कमी म्हणून मजुरी कमी, मजुरी कमी म्हणून घरात वरण पातळ, आणि त्या घरात रक्त कमी असलेल्या मुलीच्या पोटी पुढचं बाळ. गरिबी वारसाहक्काने मिळते म्हणतात, तिचा फेरफार असा होतो.

इथवर ऐकायला पटतं. पण हिशेब तपासणारा पावती मागणारच. पावत्या आहेत, त्यातली मला सगळ्यात आवडलेली जमैकाची.

१९८६-८७ साली किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमधून संशोधकांनी ९ ते २४ महिन्यांची १२९ खुरटलेली मुलं निवडली. अगदी आपल्या परीसारखी. त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाची भुकटी. दुसऱ्या गटात आठवड्यातून एकदा एक आरोग्यसेविका घरी जायची, तासभर आई आणि बाळासोबत बसायची. तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काही नाही. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या, शिक्षिकाही नव्हत्या. आपल्याकडच्या आशाताईंसारख्या वस्तीतल्याच बायका, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या. घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करायची, बाळाशी कसं बोलायचं, कौतुक कसं करायचं हे आईला करून दाखवायचं. हे दोन वर्षं चाललं आणि थांबलं. पुढे वीस वर्षांनी तीच मुलं शोधून काढली. ज्यांच्या घरी ती बाई येत होती, त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. लहानपणी न खुरटलेल्या शेजारच्या मुलांना त्यांनी कमाईत गाठलं होतं. आणि नुसती दुधाची भुकटी मिळालेल्यांच्या कमाईत तसा फरक दिसला नाही.

हे वाचून मी ताईला म्हटलं, म्हणजे आहार वाटणं फुकटच की. ती म्हणाली, "तुले उपाशी ठेवून गोष्टी सांगू काय?" तिचं बरोबर होतं, कारण दुसरी पावती ग्वाटेमालाची आहे. १९६९ ते १९७७ या काळात तिथल्या चार खेड्यांत प्रयोग झाला. दोन गावांत प्रथिनं असलेलं पेज, दोन गावांत नुसतं गोड सरबत. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या मुलग्यांची मोठेपणी तासाची मजुरी सरासरी ४६ टक्के जास्त होती. तिसऱ्या वाढदिवसानंतर ज्यांना मिळालं त्यांच्या मजुरीत काही फरक नाही. तेच पेज, तेच गाव, फक्त उशीर. बायकांच्या मजुरीत वाढ दिसली नाही, पण लहानपणी ते पेज प्यायलेल्या मुलींची पुढची बाळं जास्त वजनाची जन्मली आणि उंचही झाली. एका पिढीच्या वाटीत घातलेलं दुसऱ्या पिढीच्या पासबुकात जमा झालं.

जमैकात दूध थोडं उशिरा सुरू झालं होतं, मुलं आधीच खुरटली होती, हेही लक्षात ठेवायला हवं. दोन्ही मिळून मला समजलं ते एवढंच की अन्न वेळेत हवं आणि सोबत माणूस हवा.

तिसरा प्रयोग जगभर गाजलेला. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या १२३ मुलांपैकी ५८ जणांना तीन-चार वर्षांच्या वयात रोज अडीच तास चांगली बालवाडी मिळाली, शिवाय दर आठवड्याला शिक्षिका घरी जायची. सुरुवातीला मुलांचा बुद्ध्यांक वाढला आणि काही वर्षांत तो फायदा विरून गेला. लोकांना वाटलं, प्रयोग फसला. पण संशोधक त्यांच्या मागेच राहिले. चाळिशीत पाहिलं तर बालवाडीत गेलेल्यांपैकी ७७ टक्क्यांनी हायस्कूल पूर्ण केलं होतं, न गेलेल्यांपैकी ६०. वर्षाला २० हजार डॉलरच्या वर कमावणारे ६० टक्के, दुसरीकडे ४०. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले ३६ टक्के, दुसरीकडे ५५. २००० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे जेम्स हेकमन यांनी याचा हिशेब पुन्हा मांडला आणि परतावा वर्षाला ७ ते १० टक्के काढला.

हेकमनचा आकडा सांगितल्यावर माझा एक अशील हसला. "पीपीएफमध्ये ७.१ मिळतातच की." इथे थांबणं भाग आहे. पीपीएफच्या ७.१ मधून महागाई वजा केली की हातात फार थोडं उरतं. हेकमन यांचा आकडा महागाई वजा केल्यानंतरचा आहे. एवढा परतावा चाळीस वर्षं कुठल्याही योजनेने दिला तर नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात रांग लागेल. आणि तो येतो कुठून तेही बघा. निम्माशिम्मा तर न झालेल्या खर्चातून येतो: पुन्हा त्याच वर्गात न बसवल्यामुळे, पोलिसात, कोर्टात, तुरुंगात पैसा न गेल्यामुळे. उरलेला जास्त पगारातून. न झालेल्या खर्चाची पावती मिळत नाही, म्हणून ही गुंतवणूक कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

पण सगळ्याच बालवाड्या सोनं पिकवतात असं समजू नका. इप्सिलँटीचा प्रयोग लहान होता, महागडा होता आणि पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका होती. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात सरकारी बालवाड्यांसाठी सोडत काढून प्रवेश दिले, तेव्हा सहावीपर्यंत पोचताना त्या मुलांचे गुण सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांपेक्षा कमी निघाले आणि वागणुकीच्या तक्रारी जास्त. नुसतं पोरांना लवकर एका खोलीत बसवलं की झालं, असं नाही.

हे आपल्या नागपूरकरांना सांगायची फार गरज आहे. आपल्याकडे पोट्टं तीन वर्षांचं झालं की त्याला 'कॉन्व्हेंट'मध्ये टाकतात. कुठल्याही गल्लीतली, कुठल्याही नावाची इंग्रजी नर्सरी म्हणजे कॉन्व्हेंट. टाय, बूट, आणि तीन वर्षांच्या बोटांनी चार रेघी वहीत एबीसीडी. परीच्या वस्तीतही रिक्षा येते. रोजीवर जगणारा बाप महिन्याची फी भरतो, यात त्याची तळमळ खरी आहे, तिची थट्टा मला करायची नाही. पण त्या वयात मुलाला वस्तू हाताळायच्या असतात, गोष्टी ऐकायच्या असतात, प्रश्न विचारायचे असतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरणारी पोरं एका संध्याकाळी जेवढं मोजतात, बोलतात आणि घासाघीस करतात, तेवढं आठवडाभरच्या चार रेघीत होत नाही. शिवाय गुंतवणुकीचा सगळ्यात किफायती काळ, ते हजार दिवस, तोवर संपलेला असतो. फी भरायला सुरुवात होते ती त्यानंतर.

त्या आधीच्या काळासाठी सरकारकडे जे आहे ते म्हणजे ताई. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. शून्य ते सहा वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता, त्यांचा आहार, वजन-उंची, लसीकरणाला मदत, पूर्वशालेय शिक्षण, घरभेटी, सगळं एका सेविकेच्या आणि एका मदतनीसाच्या अंगावर. कल्पना जगात कुठेही मिरवावी अशी आहे. अडचण वेळेची आहे. त्या सोमवारी मी घड्याळ लावून बसलो. साडेनऊ ते दीड या चार तासांत ताईने मुलांना प्रत्यक्ष शिकवलं ते पस्तीस मिनिटं. बाकी वेळ वजनकाटा, ॲपमध्ये फोटो, नेट गेलं म्हणून पुन्हा फोटो, आहाराच्या पाकिटांची सही, लसीकरणाची यादी, आणि कुठल्यातरी सर्वेक्षणाचा फोन. घरभेटी दुपारी, उन्हात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारची घरभेट म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको.

म्हणूनच तामिळनाडूतला अभ्यास मला आपल्या सगळ्यात जवळचा वाटतो. तिथे ३२० अंगणवाड्या घेतल्या आणि त्यातल्या काहींमध्ये, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून, फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ एक जास्तीची बाई नेमली. इमारत तीच, आहार तोच. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. मुलांची भाषा आणि गणित सुधारलं, आणि गंमत म्हणजे खुरटलेल्या आणि तीव्र कुपोषित मुलांचं प्रमाणही घटलं. कारण मूळ सेविकेला वजन-उंचीकडे, आहाराकडे आणि आयांकडे बघायला फुरसत मिळाली. संशोधकांच्या हिशेबाने खर्चाच्या कितीतरी पट फायदा.

मला हिशेबाची ही एकच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. पैसा भिंतींत, चित्रांत, टीव्ही संचांत घातला की फोटो चांगला येतो, पण परतावा आणणारी वस्तू माणसाचा वेळ आहे: जमैकातली ती तासभर बसणारी बाई, इप्सिलँटीची घरी जाणारी शिक्षिका, तामिळनाडूतली अर्धवेळ मदत. आपल्या विदर्भातही हे आधी दिसलंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली, त्यांना घरोघरी पाठवलं, बालमृत्यू झपाट्याने उतरले, आणि पुढे आशांच्या घरभेटींचा देशभरचा कार्यक्रम त्यावरून उभा राहिला. तेव्हा हेतू बाळ जगवण्याचा होता. जगलेलं बाळ वाढवण्यासाठीही आशांनी ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना घरी जायचं ठरलेलं आहे. सव्वा वर्षात पाच भेटी. जमैकातली बाई दोन वर्षांत साधारण शंभर वेळा गेली होती.

आणि आहाराचा दर? २०१७ साली ठरला तो मुलामागे दिवसाला ८ रुपये. एक अंडं घेतलं की संपले. तेव्हाच्या नियमाने या पैशात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची होती. मावशींची खिचडी चवीला छान होती, डाळ हाताने शोधावी लागली.

सरकार एवढं हात आखडून का वागतं याचं उत्तर अवघड नाही. तीन वर्षांच्या पोरीला मत नाही आणि तिच्या वाढलेल्या मजुरीवरचा कर येईपर्यंत चार निवडणुका होऊन जातात. शिक्षण हक्क कायदाही सहा ते चौदा वर्षांपुरताच, म्हणजे पाया ओतून झाल्यावर लागू होणारा. पण नागपूर जिल्ह्यात, काटोल-नरखेडकडे, संत्र्याचं कलम लावून चार-पाच वर्षं एक फळ न घेता त्याला उन्हाळाभर पाणी घालणारे शेतकरी मी अशील म्हणून सांभाळतो. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी चुकवलं तर पुढे खत ओतून उपयोग नाही हे त्यातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

एक खर्च मात्र असा आहे ज्याच्या फळांसाठी थांबावं लागत नाही, ती लगेच दिसतात. तो म्हणजे पाळणाघर. अंगणवाडी दीडला सुटते. आई साइटवरून सातला येते. मधल्या साडेपाच तासांत परी कुणाकडे? ५० हून अधिक बायका कामाला असतील अशा बांधकामावर पाळणाघर हवं, असं १९९६ च्या बांधकाम कामगारांच्या कायद्यातच सांगितलं होतं. शहरात एवढे पूल आणि सिमेंटचे रस्ते झाले, छत्तीसगड-बालाघाटकडून आलेल्या बायका लेकरांना वाळूच्या ढिगाशेजारी झोळीत निजवून काम करताना मी पाहिल्या आहेत, पाळणाघर एकदाही पाहिलं नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे फार आधी कळलं होतं. १९४५ ला बोर्डीत काम सुरू करताना मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. आणि पुढे कोसबाडला विकासवाडी, ज्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. कारण मोठी पोर शाळेत येते ती कडेवर धाकटं घेऊन. धाकट्याची सोय झाली तरच मोठी वर्गात बसणार.

दीडच्या सुमारास पोरं पांगली. परी खिचडीच्या ताटलीत बोटं फिरवत बसली होती आणि बहीण दप्तराशिवाय दारात. ताईने विचारलं, "तू काहून शाळेत नाही गेली?"

"हिले कोन पाहीन?"

"आज सोमवार. गोळी होती ना शाळेत?"

पोरीने खांदे उडवले. लोहाची निळी गोळी शाळेत सोमवारी जेवणानंतर मिळते. तिने या महिन्यातले तीन सोमवार चुकवले होते. ताईने कपाटातून डबा काढला, पण गोळी रिकाम्या पोटी द्यायची नसते म्हणून आधी पातेल्यातली उरलेली खिचडी तिच्यासमोर ठेवली. मग रजिस्टर उघडलं. गोळ्यांच्या पानावर शाळाबाह्य मुलींचा रकाना आहे. पटावर नाव असून घरी बसलेल्या मुलींसाठी रकाना नाही. ताईने थोडा वेळ पेन हातात धरून ठेवलं, नाव शाळाबाह्यमध्येच लिहिलं आणि पुढे पेन्सिलने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं.